फासक्यांचे जंगल

कंबोडियात रानातल्या वाघाचा शेवटचा फोटो २००७ साली मिळाला, मोंडुलकिरी प्रांतात लावलेल्या कॅमेऱ्यात. २०१६ मध्ये तिथला वाघ संपल्यातच जमा असल्याचे जाहीर झाले. लाओस आणि व्हिएतनामच्या रानांतूनही तो गेला. या तिन्ही देशांत वाघाला पुरेल एवढे जंगल अजून उभे आहे. उपग्रहाच्या चित्रात ते हिरवेगार दिसते. आतली जनावरे मात्र विरळ झाली आहेत.

या ऱ्हासात बंदुकीपेक्षा फासकीचा हात मोठा. सायकल किंवा मोटारसायकलच्या ब्रेकची तार, वाकवलेले रोपटे आणि एक खुंटी, एवढ्यात ती तयार होते. खर्च जवळपास शून्य, म्हणून एकेक माणूस शेकड्यांनी लावतो. जनावराचा पाय पडला की रोपटे ताठ होते आणि तार आवळते. ती लावलेली असते भेकरासाठी किंवा रानडुकरासाठी. सापडतात अस्वलेही, वाघही. कोकणात डुकराच्या फासकीत बिबट्या अडकतो, तोच हा प्रकार, फक्त प्रमाण अफाट. डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेच्या २०२० मधील अंदाजानुसार या तीन देशांच्या संरक्षित क्षेत्रांत सुमारे १ कोटी २३ लाख फासक्या होत्या. गरिबीकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण रानमांसाला भाव देतात ती शहरांतली हॉटेले. वाघ फासकीतून सुटला तरी त्याची उपासमार टळत नाही: त्याला वर्षाकाठी हरणाएवढी पन्नासेक जनावरे लागतात.

कंबोडियाच्या दक्षिण कार्डमम उद्यानात २०१० ते २०१५ दरम्यान गस्तीपथकांनी लाखाहून अधिक फासक्या काढल्या. तरी त्या संपल्या नाहीत, कारण काढलेल्या तारेच्या जागी नवी तार बांधायला काही मिनिटे पुरतात.

शेजारच्या थायलंडमध्ये चित्र वेगळे आहे. हुआय खा खाएंग अभयारण्याचे प्रमुख सुएब नाखासाथिएन यांनी रान वाचवण्याच्या लढ्यात हताश होऊन १९९० मध्ये आत्महत्या केली आणि देश हादरला. पुढच्याच वर्षी या रानाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पुढे नोंदी ठेवून, नकाशावर आखून नियमित गस्त सुरू झाली. सांबर आणि बांतेंग हे रानबैल वाढले, आणि पश्चिमेकडच्या वनपट्ट्यातले वाघ २००७ मधल्या चाळीसच्या आसपासवरून २०२३ पर्यंत १४० च्या वर गेले.

कंबोडियाला आता भारतातून वाघ हवे आहेत. त्यासाठी २०२२ मध्ये करारही झाला. वाघ पाठवणे त्या मानाने सोपे. ते जिथे सोडायचे, त्या कार्डमममध्ये आधी तारा निघायला हव्यात आणि सांबर वाढायला हवेत.