टॅक्सी उलटी होते तेव्हा...

टॅक्सीत बसलं की आपला एक डोळा मीटरवर असतो. ही टॅक्सी मात्र वेगळी आहे. पिवळीधमक, अंगावर चौकटींचा पट्टा, सिनेमात दिसते तशी अस्सल न्यूयॉर्कची. तुम्ही बसता, बार खाली येऊन खट्‌कन लॉक होतो आणि टॅक्सी रस्ता सोडून सरळ आभाळाकडे निघते!

मंडळी, आपण आहोत लास वेगासला. नेवाडाच्या वाळवंटातल्या या शहरात ‘न्यूयॉर्क-न्यूयॉर्क’ नावाचं हॉटेल आणि कॅसिनो आहे. ३ जानेवारी १९९७ ला ते उघडलं आणि सोबत हा रोलर कोस्टरही. तेव्हाचं नाव ‘मॅनहॅटन एक्स्प्रेस’, आताचं ‘बिग अ‍ॅपल कोस्टर’. एम्पायर स्टेट, क्रायस्लर अशा इमारतींच्या छोट्या प्रतिकृती, समोर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि या सगळ्याला वेढून ४,७७७ फूट लांब ट्रॅक.

या पुतळ्याचा किस्सा भारी आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याने डिसेंबर २०१० मध्ये स्वातंत्र्यदेवतेचं तिकीट काढलं. नंतर लक्षात आलं, की छापलेला चेहरा न्यूयॉर्कच्या पुतळ्याचा नाहीच, वेगासच्या नकलेचा आहे! शिल्पकार कोर्टात गेला आणि २०१८ मध्ये खात्याला सुमारे ३५ लाख डॉलरचा फटका बसला. थोडक्यात काय, इथे असली कुठलं आणि नकली कुठलं, यात भलेभले फसतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता टॅक्सीत परत या. साखळी खेचत खेचत तुम्हाला २०३ फुटांवर नेते, म्हणजे साधारण वीस मजले. खाली वेगासचा रस्ता, लांबवर डोंगर. पहिला उतार ७५ फुटांचा. ‘हॅ, एवढंच?’ असं म्हणेपर्यंत दुसरा येतो, १४४ फुटांचा. पोट वरच राहतं आणि तुम्ही खाली पोचता. वेग ताशी १०८ किलोमीटर. इंजिन नाही बरं का! अकरावीत घोकलेलं आठवतंय ना, स्थितिज ऊर्जेचं गतिज ऊर्जेत रूपांतर? तेच हे. साखळीने वर नेऊन सोडलं की पुढचं सगळं गुरुत्वाकर्षण बघतं. नंतर गोल लूप आणि मग या कोस्टरची खासियत. गाडी लढाऊ विमानासारखी स्वतःभोवती वळते, तुम्ही पूर्ण उलटे होता आणि तशीच ती खाली सूर मारते. जवळपास पावणेतीन मिनिटांत खेळ खल्लास. पाय लटपटत असतात, पण हसू थांबत नाही.

खोपोलीला ‘नायट्रो’वर बसलेल्यांना हे हसू माहीत आहे. शरीर ओरडत असतं, ‘मेलो!’ आणि डोक्याला पक्कं ठाऊक असतं, की काही होणार नाही. बार लॉक आहे, ट्रॅक ठरलेला आहे, शेवटी ब्रेक आहे. भीती खरी, धोका नकली.

आता टॅक्सीतून उतरून जिना उतरा. खाली कॅसिनोचा मजला आहे. तिथे सगळं नेमकं उलटं. मऊ गालिचा, मंद दिवे, मशिनचं गोड टिंगटिंग. भिंतीवर घड्याळ शोधून सापडत नाही. भीती वाटावी असं काहीच नाही. पण धोका? तो असली. नेवाडात २१ वर्षांखालच्यांना जुगार खेळता येत नाही. म्हणजे तुमच्यापैकी बहुतेक जण २०३ फुटांवरून खाली पडू शकतात, पण मशिनचं बटण दाबू शकत नाहीत. आधी हसू येतं, मग पटतं.

साधं गणित करा. अमेरिकन रुलेटच्या चाकावर ३८ खाने असतात : १ ते ३६, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य. तुमचा आकडा लागला तर पस्तीसपट मिळतात. म्हणजे प्रत्येक आकड्यावर एकेक रुपया लावला, तर ३८ रुपये जातात आणि हातात येतात ३६. दोन रुपये कायम मालकाचे. दर शंभरामागे सव्वापाच. एखाद्या रात्री तुम्ही जिंकाल, पण चाक महिनाभर फिरलं की हिशोब मालकाच्याच बाजूला झुकतो. तिथेही गुरुत्वाकर्षण आहे, फक्त दिसत नाही.

‘आपल्याला काय, आपण कुठे वेगासला चाललोय?’ असं म्हणू नका. माझ्या रूममेटला वेगासला जावं लागलं नाही. हॉस्टेलच्या कॉटवर, पांघरुणाखाली मोबाइल धरून त्याने परीक्षा फीचे पैसे घालवले. आधी दोनशे जिंकला, आम्हाला वडापाव खिलवला. मग हरलेले भरून काढायला आणखी लावले, ते भरून काढायला आणखी. आम्ही शेजारच्या कॉटवर होतो आणि कुणाला पत्ता नाही. कारण तो ओरडलाच नाही. रोलर कोस्टरवर माणूस ओरडतो, तिथे गप्प होत जातो.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने देशात बंदी आली. पण पळवाटा शोधणारे शोधतातच आणि लिंक पाठवणारा बऱ्याचदा आपलाच मित्र असतो.

म्हणून दोन गोष्टी. कोस्टरवर जरूर बसा, पोटभर ओरडा. आणि एखादा मित्र हल्ली गप्प गप्प असेल, सारखे ‘परवा देतो’ म्हणून पैसे मागत असेल, तर त्याच्या कॉटवर जाऊन बसा. लेक्चर झोडू नका. नुसतं विचारा, ‘किती गेले रे?’ आम्ही हे विचारायला दोन महिने लावले. तुम्ही आज संध्याकाळीच विचारा.