दुसरा कर्करोग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एका कर्करोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तीला काही वर्षांनी दुसराच, नव्याने उद्भवलेला कर्करोग होऊ शकतो. त्याविषयीचे काही समज तपासून घेण्यासारखे आहेत.

गैरसमज : जुनाच आजार उलटला.
वस्तुस्थिती : उलटलेल्या आजारात गाठ फुप्फुसात सापडो वा हाडात, पेशी मूळ कर्करोगाच्याच असतात. दुसरा कर्करोग वेगळ्या पेशींतून सुरू होतो. हा फरक बहुधा बायोप्सीत कळतो आणि त्यावरून उपचारांची दिशा बदलते.

गैरसमज : तो उपचारांमुळेच होतो, रेडिएशन टाळलेलेच बरे.
वस्तुस्थिती : २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, रेडिएशन घेतलेल्या प्रौढांना पुढे झालेल्या गाठींच्या कर्करोगांपैकी सुमारे ८ टक्केच रेडिएशनशी जोडता आले. बाकीच्यांमागे वय, तंबाखू, आनुवंशिकता अशी कारणे असतात. उपचार टाळले तर पहिला कर्करोगच जीव घेऊ शकतो.

गैरसमज : पाच वर्षे सुखरूप गेली, धोका टळला.
वस्तुस्थिती : इटोपोसाइडसारख्या औषधांनंतरचा रक्ताचा कर्करोग बहुधा १ ते ३ वर्षांत, सायक्लोफॉस्फामाइडसारख्यांनंतरचा ५ ते १० वर्षांत दिसतो. रेडिएशन दिलेल्या भागातील गाठी मात्र अनेकदा १० वर्षांनंतर उद्भवतात. म्हणूनच लहानपणी छातीवर रेडिएशन घेतलेल्या मुलींची स्तनतपासणी वयाच्या २५ व्या वर्षी किंवा रेडिएशननंतर ८ वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी करावी लागते.

गैरसमज : कर्करोग झालाच आहे, आता तंबाखू सोडून काय उपयोग?
वस्तुस्थिती : तंबाखूचा मारा तोंडाच्या सगळ्या अस्तरावर होतो. एका गालातली गाठ काढली, तरी दुसऱ्या गालानेही तीच मिश्री, तोच गुटखा वर्षानुवर्षे सोसलेला असतो. तंबाखू सोडली की धोका घटतो.

गैरसमज : बरे झाल्यावर जुने कागद कशाला?
वस्तुस्थिती : मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बालपणी कर्करोग झालेल्यांसाठी उपचारोत्तर ‘ॲक्ट’ क्लिनिक १९९१ मध्ये सुरू झाले, ते बरे झाल्यानंतरच्या दीर्घ देखरेखीसाठी. परळच्या या रुग्णालयात लहानपणी उपचार घेतलेली मुलगी पुढे बंगळुरूत मल्लेश्वरमला संसार थाटते, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना कोणती तपासणी कधीपासून करायची हे तिच्या जुन्या उपचारांच्या फाइलवरूनच ठरवता येते. औषधांची नावे, प्रत्येकाचा एकूण डोस, रेडिएशन शरीराच्या कोणत्या भागाला आणि किती ग्रे दिले, एवढे त्यात असलेच पाहिजे. मूळ फाइल जपावी आणि तिची एक प्रत घरच्यांकडेही ठेवावी.