जिवाणूंनाही विषाणू गाठतात

सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचे रुग्ण आढळू लागले की ‘व्हायरस आलाय’ असे सर्रास म्हटले जाते. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आलेला माकडताप विषाणूचा होता. लेप्टो मात्र लेप्टोस्पायरा या जिवाणूमुळे होतो. जिवाणू ही स्वतंत्र पेशी आहे, तर विषाणूला वाढण्यासाठी दुसऱ्याची पेशी लागते, आणि ती जिवाणूचीही चालते. अशा विषाणूंविरुद्ध अनेक जिवाणूंकडे क्रिस्पर (शत्रूची जनुकीय खूण जपणारी यंत्रणा) असते. लेप्टोस्पायरा इंटरोगॅन्सच्या जनुकसंचातही ती आढळली आहे. घुसलेल्या विषाणूच्या डीएनएचा छोटा तुकडा जिवाणू स्वतःच्या डीएनएत साठवतो. मालवणच्या समुद्रात घुसखोरी करणाऱ्या ट्रॉलरचा नंबर टिपून ठेवावा आणि तो पुन्हा दिसताच अडवावा, तसेच हे. फरक इतकाच की इथे ही नोंद पुढच्या पिढीलाही मिळते. दह्यातल्या एका जिवाणूवर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तुकडा जोडताच प्रतिकार आला आणि काढताच गेला.

याच यंत्रणेमुळे जिवाणू औषधांनाही दाद देत नाहीत, हा समज मात्र चुकीचा आहे. क्रिस्पर ओळखीचा जनुकक्रम कापते. प्रतिजैविक (जिवाणूंवरील औषध) हे रसायन असते, त्यात कापण्यासारखा जनुकक्रमच नसतो. उलट एंटरोकोकस फिकॅलिसच्या अनेक औषधांना न जुमानणाऱ्या वाणांत क्रिस्पर बहुधा नसतेच, कारण ही यंत्रणा बाहेरून येणारी प्रतिरोधाची जनुकेही अडवू शकते. मग क्रिस्पर असूनही जिवाणूंना गाठणारे विषाणू नष्ट का होत नाहीत? ते आपला जनुकक्रम बदलतात. काहींकडे क्रिस्पर बंद पाडणारी प्रथिनेही असतात. लेप्टो जिवाणूमुळे होत असल्याने त्यावर डॉक्सिसायक्लिन व पेनिसिलिन ही प्रतिजैविके चालतात, म्हणून चिखलात काम केल्यानंतर ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.