स्तुती नको, रास्त मजुरी द्या

आपल्या समाजाला स्तुतीची हौस मोठी, आणि तीत पदरचे काही खर्च होत नसल्यामुळे ती हौस आपण मनमुराद भागवून घेतो. नवरा वारला किंवा टाकून गेला, आणि पदरी दोन मुले असता एखादी बाई कंबर कसून उभी राहिली, की ‘बाई मोठी धीराची; आई आणि बाप दोन्ही झाली!’ असे उद्गार चार घरी निघतात. उद्गार खोटे नाहीत. पण त्याच बाईने साड्यांना लावलेल्या फॉलचे पैसे चुकते करण्याची वेळ आली म्हणजे हेच गुणग्राहक लोक ‘पुढल्या आठवड्यात ये’ म्हणून तिला दुकानाच्या पायरीवरून परत लावतात. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न आज आम्ही आमच्या वाचकांपुढे, विशेषतः त्यांतील व्यापारी मंडळींपुढे, ठेवीत आहोत.

प्रथम या बाईच्या दिवसाचा हिशेब पाहू. सकाळी दोन घरचा स्वयंपाक, दुपारी कोठे तरी लहानशी नोकरी. एवढ्यात घरभाडे आणि किराणा कसाबसा भागतो. शाळेचा खर्च आणि आजारपण भागत नाही. म्हणून रात्री जोडधंदा: फॉल-पिको, पापड, राख्या, मसाल्याच्या पुड्या. या जोडधंद्याचे भांडवल कोणते? सुई आणि पोळपाट, असे पुष्कळांना वाटेल. आमच्या मते ते भांडवल म्हणजे मुलांच्या वाट्याचा वेळ होय. मुलाने धडा म्हणून दाखवावा त्या वेळी आई मान खाली घालून टाके घालीत असते. आणि काम अंगावर आले की मूलच पाटी बाजूला ठेवून तिच्या मदतीस बसते. जी मिळकत मुलाच्या शिक्षणाकरिता सुरू झाली, तीच त्याचे शिक्षण खाऊ लागते. नगाचा दर जितका हलका, तितके नग अधिक, आणि तितकी रात्र मोठी. सबब मजुरीचा दर ही केवळ धनी आणि कामकरीण यांच्यामधली बाब नाही. त्या घरातील मूल शिकणार की नाही, हे त्यावर ठरते.

निराश्रित स्त्रीला दयेपेक्षा हाताला विद्या आणि कामाला मोल हवे, हे आपल्या प्रांताने फार पूर्वी ओळखले. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला व पुढे १९०० साली तो हिंगण्यास नेला. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यास सेवासदन उभे राहिले आणि तेथे स्त्रिया शिवण, शुश्रूषा शिकू लागल्या. पुढचे पाऊल १९५९ साली मुंबईत गिरगावात पडले. सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला, आणि त्यातून लिज्जतचा प्रचंड व्याप उभा राहिला. बाई पिठाच्या लाट्या घरी नेते, मुलांच्या जवळ बसून पापड लाटते, वाळवलेले पापड आणून देते आणि मजुरी घेऊन जाते. ‘पुढल्या आठवड्यात ये’ ही भाषा तेथे नाही, कारण तेथील प्रत्येक बहीण धंद्याची भागीदार आहे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. गिरणगावात कामगारांचे डबे चालविणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजाखाली दबल्या होत्या. त्यांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी झाली. दोन्ही ठिकाणी कष्ट होते तेवढेच राहिले. कष्टाचा पैसा मधल्यामध्ये नाहीसा होणे मात्र थांबले.

आता कायद्याकडे वळू. ‘ती आमची नोकर कोठे आहे? घरी बसून करते’ ही सबब बाजारात वारंवार ऐकू येते. परंतु १९४८ च्या किमान वेतन कायद्यानेच, माल घरी नेऊन काम करून देणाऱ्या मनुष्यास कामगारात गणले होते. विड्या वळणाऱ्यांकरिता १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला, आणि घरी विडी वळणारी स्त्रीही त्याच्या छत्राखाली घेतली गेली. तरीही ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी कोणी खाल्ली, हे सोलापुरातील कोणत्याही कामकरणीस विचारावे. कायद्यांची नावे पुढे बदलली. त्यांतील न्याय बदललेला नाही.

टाकलेल्या स्त्रीच्या पोटगीचीही तीच गत. दरमहा ५०० रुपयांची जुनी मर्यादा २००१ साली उठविण्यात आली, आणि अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकालात काढावा असे ठरले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. पण साठ दिवसांची वर्षे कशी होतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्यास आम्ही सांगावयास नको. यात आमच्या वकील बंधूंचा वाटा लहान नाही. नवऱ्याच्या बाजूने मागून घेतलेल्या प्रत्येक तारखेचे मोल एका मुलाच्या ताटातून जाते, एवढे त्यांनी ध्यानात ठेवावे.

सरकारची तऱ्हा आणखी निराळी. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान २०२३ साली दरमहा १,५०० रुपये केले, हे ठीकच झाले. पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मात्र २१,००० रुपयेच राहू दिली. म्हणजे महिना १,७५० रुपये. याहून चार पैसे अधिक मिळविणारी बाई नियमाप्रमाणे निराधार उरत नाही! उद्योगी बाईला तिच्या उद्योगाबद्दल दंड करणारा हा हिशेब आहे. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

कोणी म्हणेल, ‘धंदा म्हणजे धर्मादाय नव्हे.’ आम्हांसही धर्मादाय नकोच आहे. उधारीवर घेतलेल्या मालाचे व्याज व्यापारी बिनचूक मोजतो. तोच गरीब कामकरणीकडून आठवडेच्या आठवडे बिनव्याजी उधारी घेतो. धर्मादाय कोण करीत आहे, याचा निकाल वाचकांनीच करावा.

मग करावे काय? पहिली गोष्ट, काम घेतल्या दिवशी दाम द्यावे आणि नगाचा दर दुकानात लिहून लावावा. दुसरी, पाळणाघर. ३० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यास ते १९४८ च्या कायद्याने आणि ५० किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेस २०१७ च्या दुरुस्तीने बंधनकारक झाले. परंतु पाच-सात माणसांच्या दुकानात राबणारीचे मूल कोठे जावे? एका पेठेतील दुकानदारांनी मिळून दिवाळीच्या रोषणाईचा खर्च जसा वाटून घ्यावा, तसा एका पाळणाघराचा घ्यावा. ते संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे असावे, आणि पत्नीच्या मागे मुले सांभाळणाऱ्या बापालाही तेथे तितकाच हक्क असावा. तिसरी गोष्ट, अनुदानाच्या त्या मर्यादेविषयी प्रत्येक मतदाराने आपल्या आमदारास जाब विचारावा.

स्वराज्य येऊन पाऊणशे वर्षे लोटली. एकट्या आईचे मूल दिव्याखाली पुस्तक घेऊन बसते की पुड्या भरीत बसते, यावरून आम्ही त्या स्वराज्याची किंमत करू. ‘बाई धीराची’ असे म्हणावयाचे असेल तर अवश्य म्हणा. पण आधी गल्ला उघडून तिचे पैसे मोजा, आणि मग म्हणा.