आंघोळीचे पाच गुण

सकाळी साडेसहा. रात्रपाळीची आया घरी जायच्या आत तिला गाठावं लागतं. रायपूरच्या आमच्या वृद्धाश्रमात आज तिमाही मूल्यमापन आहे. फॉर्म माझ्या हातात असला, तरी रात्री कोण कितीदा उठलं, कुणाची चादर बदलावी लागली, हे तिलाच ठाऊक. खुद्द बबांना, म्हणजे आजोबांना, विचारलं तर एकच उत्तर येतं, "मोला कोनो के जरूरत नइ हे." मला कुणाची गरज नाही. तेवढ्यावर विसंबून मी कधीही गुण देत नाही.

साडेसात. रोजच्या कामांतलं स्वावलंबन मोजणारा बार्थेल निर्देशांक. माहोनी आणि बार्थेल यांनी 1965 साली प्रसिद्ध केलेला, दहा बाबींचा, शंभर गुणांचा. आंघोळीला पाच नाहीतर शून्य. अधलंमधलं काही नाही. डिसेंबरची थंडी, गरम पाणी मोजकं, म्हणून आया सगळ्यांना झटपट आंघोळ घालून मोकळी होते. एका दाईचे (इथे आजीला दाई म्हणतात) हात चांगले चालतात. वेळ दिला तर त्या स्वतः आंघोळ करतील. पण माणूस काय करू शकतो हे इथे मोजायचं नसतं, रोज प्रत्यक्षात काय करतो ते मोजायचं असतं. म्हणजे नियमाने शून्य. हे शून्य दाईंच्या हातांचं नाही, आमच्या कमी मनुष्यबळाचं आहे, आणि मी तसं शेजारी लिहूनच ठेवते. नुसता आकडा पुढे गेला तर उद्या त्यांच्या हातचा तांब्या कायमचा जाईल.

दहा. स्मरणशक्ती. फोलस्टाइन यांची 1975 ची चाचणी वाचायला-लिहायला लावते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाचे गुण तिथेच कापले जातात. म्हणून मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगढच्या कामातून तयार केलेली, 1995 साली प्रसिद्ध झालेली हिंदी चाचणी आम्ही वापरतो. तीत वाक्य लिहायचं नसतं, आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं असतं.

तरीही अडतंच. "महिना कोणता?" दाई म्हणाल्या, "पूस," म्हणजे पौष. पुढे छेरछेराचा सण कधी येतो तेही सांगून टाकलं. तात्यापाऱ्यातून आलेल्या मराठी आजी म्हणाल्या, "मार्गशीर्ष." फॉर्म भरणारी नवी मुलगी "डिसेंबर"ची वाट बघत होती आणि दोघींना शून्य देऊन बसली. वद्य पक्ष चालू आहे. छत्तीसगडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला मराठी महिना अमावास्येला. दोघींचंही बरोबर होतं. मी तिथल्या तिथे दोन्ही गुण दुरुस्त करायला लावले.

दुपारी जेवणानंतर चाचणी नाही. डोळे मिटत असतात, त्या वेळचे गुण झोपेचे असतात. स्मृतिभ्रंश असलेली माणसं संध्याकाळी जास्त गोंधळतात, म्हणून तेव्हाही नाही. वेळ दर खेपेस तीच ठेवली तरच मागच्या तिमाहीशी तुलना करण्यात अर्थ आहे.

चार. आता फिजिओथेरपिस्टचे फॉर्म आणि माझे शेजारी-शेजारी. सकाळी दोघांनी एकाच माणसाला पाहून, एकमेकांचं न बघता भरलेले. नुसती जुळणी मोजून मी समाधानी होत नाही. समजा वीस माणसांपैकी आम्ही दोघांनी सोळा-सोळा जणांना "स्वावलंबी" म्हटलं आणि सोळा जणांबाबत आमचं एकमत झालं. ऐंशी टक्के! पण बहुतेकांना एकच शेरा दिला की अडुसष्ट टक्के जुळणी निव्वळ योगायोगानेही होते. जेकब कोहेन यांनी 1960 साली दिलेला 'कप्पा' गुणांक हा योगायोग वजा करतो. उरतं जेमतेम 0.38. एवढ्या जुळणीवर कुणाला "स्वावलंबी" ठरवून त्याची आया काढून घ्यायची?

मतभेद बहुतेक चालण्यावर निघाले. कोपराला नुसता हात लावणं ही मदत की नाही? ते म्हणाले नाही, मी म्हटलं हो. अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं: हात लागला की मदत. हे फॉर्मच्या मागे लिहून दोघांनी सह्या केल्या.

सहा. आजींचे गुण मागच्या वेळेपेक्षा बरेच उतरलेले दिसतात. मागच्या वेळी प्रश्न मराठीत विचारले होते, आज त्या मुलीने हिंदीत. महिन्याचा गुण परत दिला तरी बाकीच्या उत्तरांवर माझा भरवसा नाही. त्यांना तपासणीसाठी टाटीबंधच्या एम्सला पाठवायची चिठ्ठी मी फाडलेली नाही, पण आज पाठवतही नाही. उद्या दहा वाजता मी स्वतः मराठीत विचारीन. फॉर्मवर आजपासून आणखी तीन रकाने: भाषा, वेळ, कोणी विचारलं.