विस्मृत तबकड्यांची वही

वडगावात ज्या घरी आम्ही बिऱ्हाडाने राहतो, त्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी पुष्कळ वर्षे पडून होती. एके दिवशी दारात मोडवाला आला असता घरमालकांच्या आजींनी ती खाली उतरविण्यास सांगितले. पेटीत एकतीस जुन्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या वाजविण्याचे यंत्र घरातून केव्हाच नाहीसे झाले होते. "मास्तर, वाजायच्या न्हाईत त्या, ठिवून काय करायचं?" असे आजींनी विचारले, तेव्हा आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. पेटी मात्र आम्ही मागून घेतली.

ध्वनिमुद्रिका, म्हणजे आपल्या वाडवडिलांची 'तबकडी' किंवा 'प्लेट', कशी असे हे आजच्या विद्यार्थ्यांस सांगणे भाग आहे. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणापासून ती बनवीत. मिनिटाला सुमारे ७८ फेरे या वेगाने ती फिरे, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. जो राग गवई मैफलीत तासभर आळवी, तोच त्याला एवढ्या अवधीत बसवावा लागे. कित्येकांस हे जमले नाही आणि कित्येकांनी ते करण्याचे साफ नाकारले. अल्लादियाखाँसाहेबांसारख्या थोर गवयाचा आवाज त्यामुळे आपणांस कधीच ऐकावयास मिळणार नाही. या तबकड्या काचेसारख्या ठिसूळ असतात. त्या उभ्या ठेवाव्यात; आडव्या रचल्या तर वाकतात. हे ज्ञान आम्हांस थोडे उशिरा झाले आणि एकतिसांतील एक आमच्याच हातून दुभंगली.

हिंदुस्थानात गाणे मुद्रित करण्यासाठी फ्रेडरिक गैसबर्ग नावाचे तंत्रज्ञ १९०२ साली कलकत्त्यास आले. त्या काळी मुद्रणाचे साचे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात व तेथे तबकड्या छापून परत येत. तेथील कारागिरास आपली भाषा कशी कळावी? म्हणून गाणे संपताच गायिकेने स्वतःचे नाव उच्चारावे, अशी रीत पडली. गौहरजानच्या तबकड्यांच्या शेवटी तिने इंग्रजीत सांगितलेले आपले नाव आजही ऐकू येते. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदह येथे कारखाना निघाला, आणि नावे सांगण्याची ही रीत हळूहळू मागे पडली.

आता वाचक म्हणतील, तबकडीवर कागदी लेबल असते, त्यावर नाव छापलेले असते. मग अडचण कोठे आहे? अडचण त्या लेबलातच आहे. हुबळीच्या गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांच्या आरंभीच्या तबकड्यांवर 'गांधारी हुबळी' असे नाव आहे. ज्याला हे ठाऊक नाही, तो ती तबकडी कोणा अनोळखी बाईची समजून बाजूस सारील. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील सुप्रसिद्ध गीताच्या तबकडीवर प्रथम गायिका म्हणून 'कामिनी' हे चित्रपटातील पात्राचे नाव छापले गेले. लता मंगेशकरांचे नाव तीवर नव्हते. गंगूबाई व लताबाई पुढे कीर्तीस चढल्या, म्हणून या चुका दुरुस्त झाल्या. ज्यांना कीर्ती लाभली नाही अशा नाटकांतील नट, कीर्तनकार, शाहीर आणि गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाया यांची दुरुस्ती कोणी करावी? कंपन्यांनी पुढे जे विकले जाईल तेवढेच नव्या रूपात काढले. त्यांचा तो व्यापारच होता. परंतु व्यापाऱ्याच्या चोपडीस आपण इतिहास समजून चाललो, हा दोष आपला.

हे काम अखेर हौशी श्रोत्यांनी अंगावर घेतले. मुंबईत १९९० मध्ये जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले श्री. सुरेश चांदवणकर हे तिच्या धुरीणांपैकी एक. सोलापूर, तुळजापूर, अमरावती येथेही तिच्या शाखा निघाल्या. सभासद एकत्र जमून तबकड्या ऐकत, आणि 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकात आपापल्या याद्या व टिपणे प्रसिद्ध करीत. ऑस्ट्रेलियातील मायकेल किनियर यांचाही या मंडळींशी निकटचा संबंध होता. त्यांनी हिंदुस्थानातील अगदी पहिल्या तबकड्यांची सूची १९९४ साली ग्रंथरूपाने दिली, आणि २००३ मध्ये अब्दुल करीमखाँसाहेबांच्या चरित्रासह त्यांच्या तबकड्यांची सूची प्रसिद्ध केली. आमच्या मिरजेच्या खाँसाहेबांनी कोठे, केव्हा व काय गायिले याचा हिशेब एका दूरदेशीच्या गृहस्थाने मांडावा, याचे आम्हांस कौतुक वाटते आणि थोडी लाजही वाटते. तिकडे कानपुरात हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी 'हिंदी फिल्म गीतकोश' सिद्ध केला. त्याचा प्रथम प्रसिद्ध झालेला खंड १९८० चा. देशभरच्या श्रोत्यांनी पत्रांतून पुरविलेल्या माहितीवाचून तो पुरा झाला नसता.

अशी सूची बनते कशी, हे मोठे मनोवेधक आहे. तबकडीवर दोन क्रमांक असतात. एक लेबलावर छापलेला, विक्रीसाठीचा. दुसरा साच्याचा, तो लेबलाजवळ तबकडीतच उमटलेला असतो आणि कागद वाळवीने खाल्ला तरी नाहीसा होत नाही. साच्याचे क्रमांक बहुधा मुद्रणाच्या क्रमाने पडत. समजा, सोलापूरच्या एका संग्राहकापाशी एका गायिकेचे दोन साचे आहेत आणि त्यांच्यामधला क्रमांक गाळलेला आहे. तो अमरावतीच्या पेटीत, लेबल नसलेल्या तबकडीवर सापडला, तर ती त्याच बाईची असण्याचा संभव वाढतो. वाढतो एवढेच म्हणावयाचे. कारण मेणावर केलेले मुद्रण बिघडले की ते बाद होई व तो क्रमांक बाजारात कधी येतच नसे. शिवाय त्याच दिवशी दुसराही कोणी गायिलेला असू शकतो. म्हणून कंपनीच्या जुन्या सूचिपुस्तिका, नाटकांच्या पद्यावल्या, वर्तमानपत्रांतील जाहिराती यांच्याशी ताडून पाहावे लागते, आणि शेवटी जाणत्या कानाचा कौल घ्यावा लागतो. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे. एकाची पेटी ही दुसऱ्याच्या पेटीची किल्ली असते.

याच संदर्भात आमच्या कोकणी मुलखातील एक हकीकत सांगण्याजोगी आहे. गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर तबकड्यांविषयी फार चोखंदळ होत्या. १९७७ मध्ये अमेरिकेने 'व्हॉयेजर' ही दोन याने अवकाशात सोडली, तेव्हा त्यांवर ठेवावयाच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीसाठी रॉबर्ट ब्राउन या संगीतज्ञाने केसरबाईंची 'जात कहाँ हो' ही भैरवी सुचविली. परंतु ते मुद्रण बाजारात मिळेना! पुष्कळ शोधाशोध झाली आणि अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागील बाजूस मेजाखाली ठेवलेल्या खोक्यात ते सापडले. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. त्यांचा साडेतीन मिनिटांचा स्वर आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे गेला आहे. त्या यानावरील तबकडीच्या वेष्टनावरही ती कशी वाजवावी हे आकृत्यांनी कोरून ठेवले आहे, हे आम्हांस विशेष वाटते.

आजींच्या पेटीची वही आमच्या शाळेतील नववीच्या मुलामुलींनी केली आहे. गायक, पद, राग, दोन्ही क्रमांक आणि 'इतर माहिती' असे तिचे रकाने आहेत. दुभंगलेल्या तबकडीचे तुकडे जुळवून तिचाही क्रमांक वाचला. सत्तावीस लेबले वाचता आली, चार वाळवीने खाल्ली होती. शहापुरातील एका सद्गृहस्थांनी आपले चावीचे यंत्र आणून दिले, तेव्हा त्या चारांपैकी एक लावली. बाईचा आवाज, मराठी पद, उच्चारांत किंचित कानडी वळण. दुसरी ओळ येण्यापूर्वीच आजी ती पुटपुटल्या. त्यांच्या सासूबाई मागाच्या कांड्या भरताना हे पद म्हणत असत, म्हणे. साच्याचा क्रमांक आम्ही उतरवून मुंबईच्या एका संग्राहकांस कळविला आहे. वहीत 'गायक' हा रकाना तूर्त कोरा असून, 'इतर माहिती'त कांड्या भरण्याची गोष्ट आजींच्याच शब्दांत लिहिली आहे.