खिडकी मिटली, पण कारभार?

घरातल्या खिडकीशी आपला व्यवहार किती सरळ असतो! उघडली की उजेड, लावली की शेजाऱ्यांची नजर बाहेर. संगणकवाल्यांनी पडद्यावरच्या चौकटीला हेच नाव दिले आणि कोपऱ्यात एक फुली ठेवली. मग फुली दाबली की कारभार आटोपला, असे माणसाने का समजू नये?

परवा औंढा नागनाथला गेलो होतो. तिथला गाभारा जमिनीखाली. अरुंद वाटेने वाकून उतरावे लागते. दर्शन घेऊन वर आलो आणि बाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात शिरलो. एक वयस्कर शेतकरी सातबारा छापून घ्यायला आले होते. कागद व्हॉट्सॲपवर. दुकानातल्या पोराने त्यांचा फोन पडद्यावरच्या चौकोनी नक्षीसमोर धरला, आणि क्षणात आजोबांचा सगळा गोतावळा पडद्यावर अवतरला : जावई, बँक, दवाखान्याची चिठ्ठीसुद्धा! कागद निघाला. पोराने फुली दाबली.

"झालं का रे बंद?"

"झालं की, आजोबा."

झाले कुठे? खिडकी मिटली, जोडणी तशीच राहिली. आजोबा शिवारात पोचले, फोन बंद करून झोपले, तरी त्या यंत्रावर तेच पान उघडणाऱ्याला त्यांचे निरोप वाचता यावेत! पोरगा लबाड नव्हता बरे का. त्याचीही समजूत तीच. मी फोनमधली 'लिंक केलेली डिव्हाइसेस' ही यादी दोघांना उघडून दाखवली. दुकानाच्या यंत्राखाली आणखी एक नाव निघाले.

"हे हिंगोलीचं असंल," आजोबा म्हणाले, "गेल्या आठवड्यात पीकविम्याला गेलतो."

दोन्ही नावे तिथल्या तिथे काढली.

निरोप वेळेवर यावेत म्हणून एखाद्या कार्यक्रमाने पडद्यामागे जागे राहावे, हे मान्य. पण निदान तसे सांगावे तरी! २०१९ सालचा झूमचा प्रकार तर खासाच. मॅक संगणकावरून लोक झूम काढून टाकीत. पण त्याचा एक छोटा सेवक गुपचूप मागे राही, आणि बैठकीच्या दुव्यावर टिचकी पडताच मालकाला न विचारता सारे बिऱ्हाड पुन्हा थाटी. जुलैत एका अभ्यासकाने हे उघडकीस आणले. कंपनीने तो सेवक हटवला, आणि ॲपलनेही आपल्या बाजूने त्याची हकालपट्टी केली. त्याला ठेवलाच कशाला होता? कंपनीचा खुलासा असा, की ग्राहकाची एक जादा टिचकी वाचावी म्हणून!